तुझ्या तेरवीला खर्र्याचं ताट नव्हतं

नंदू, तुझ्या तेरवीला मी खर्र्याचं ताट ठेवू दिलं नाही. आधी हे सांगून टाकते, म्हणजे तुला जे काय भांडायचं ते भांड. काका रुसून मांडवाच्या पार टोकाला जाऊन बसले. दोन पाहुणे हात धुतल्याबरोबर पानठेल्याकडे निघून गेले. तुझ्या सासरकडच्या एका म्हाताऱ्यानं तर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे बाई कोन होय? मयताच्या घरी खर्रा नाई ठेवत?" मी म्हटलं, "मयताची बहीण होय मी, बाबाजी. बुंदी घ्या अजून."

तू असतास तर हसला असतास. हसताना तुझं तोंड पुरतं उघडायचं नाही, ही गोष्ट सगळ्या गावाच्या डोळ्यांसमोर होती आणि कुणालाच दिसत नव्हती. मलासुद्धा नाही, आणि मी तर माणसांची मापं घेऊन पोट भरते.

आपल्याकडे माणूस घरी आलं की आधी पाणी, मग खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकायचं, तळव्यानं घोटायचं आणि एकाच पन्नीतून सगळ्यांनी घ्यायचं. सोयरीक जुळवायला बसले तरी खर्रा, बांधावरचं भांडण मिटवायला बसले तरी खर्रा. मयतीला तर ताट भरून ठेवतात, नाहीतर आलेल्या माणसाला किंमत दिली नाही असं होतं. तुला हे सांगण्यात काही अर्थ नाही, तुझा अर्धा जन्म त्यात गेला. तरी सांगते, कारण तुला नागपूरहून शेवटचं आणलं त्या दिवशी मी हे सगळं पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहिलं.

तुला अंगणात ठेवलं होतं. तुझ्या वनिताला धरून बसता बसता माझी नजर मांडवाकडे गेली. काकांनी ताट भरून ठेवलं होतं आणि माणसं खाली माना घालून पन्नी घोटत होती. तुझा गाल डॉक्टरांनी ज्याच्यापायी कापला तेच घोटत घोटत एक जण म्हणत होता, "लय चांगला मानूस होता जी. पोट्ट्यायसाठी लय केलं त्यानं." खोटं नव्हता बोलत. रडतही होता. डोळे पुसायचा आणि पुन्हा घोटायला लागायचा. काकांवर मला नीट रागावताही येईना, कारण नागपूरला तुझ्या खाटेखाली सतरंजी टाकून तेच झोपले होते. तुझी दशा त्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिली. पण पुतण्याच्या मयतीला ताट भरलं नाही तर पुतण्याचा मान जाईल, हेच त्यांच्या मनात होतं. त्याच वेळी मी ठरवलं की तेरवीला हे होणार नाही.

आठवतं, गोंडपिपरीच्या बाजारात आपण गुपचुपच्या गाडीवर पाणीपुरी खायला गेलो होतो? तू गाडीवर उभा राहून वाढप्याला दम द्यायचास, "पानी तिखट टाक बे, मी पावना नाई." त्या दिवशी पहिली पुरी तू हातात घेतलीस आणि फोडलीस. अर्धी तोंडात घातलीस, पाणी मनगटावरून कोपरापर्यंत वाहिलं. मी तुझी टर उडवली. म्हटलं, "नव्या नवरीसारखा काऊन खाऊन राह्यला रे?" तू म्हणालास, "मोठ्या बनवते आजकाल." मी गुपचुपवाल्याला दोष दिला आणि पुढची पुरी घेतली. पुऱ्या नेहमीएवढ्याच होत्या. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की खर्रा खाणाऱ्याचा गाल आतून आवळत जातो, तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत. तुझं एक कसंबसं जात होतं.

तुझी सकाळची शाळा मला फार आवडायची आणि तिचा फार रागही यायचा. पोलीस भरतीसाठी पळणारी पोरंपोरी तू गोळा केलीस. उजाडल्याशिवाय कुणी रस्त्यावर यायचं नाही, एकट्यानं तर नाहीच, मागे तुझी मोटारसायकल, म्हणजे झुडपातून वाघ निघालाच तर आधी तुला भेटेल. एरवी ज्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं अशी पोरं तुझ्यामुळे छाती काढून चालायला लागली. मी त्यांच्या बनियनींवर नंबर शिवून दिले. आणि तू मोटारसायकलवर बसून, गाल फुगवून, एका बाजूला पिंक टाकून ओरडायचास, "गुडघे वर!" पोरं गुडघे वर करायची. संध्याकाळी ठेल्यावर तीच पोरं गाल फुगवून, मान तिरकी करून, थेट तुझ्यासारखी पिंक टाकायची.

आपलं भांडण इथूनच सुरू झालं. मी म्हणायचे, तू बिघडवतोस. तू म्हणायचास, "मी आजपर्यंत एका पोट्ट्याले पन्नी नाई देल्ली, बाई. इचार कोनाले बी." हे खरंच होतं. कुणी तुझ्याकडे मागितला तर तू त्याला एक फेरी जास्त पळवायचास. पण अरे शहाण्या, द्यायला कशाला लागतो? ती पोरं तुझं पळणं शिकत होती, तुझं बोलणं शिकत होती, तर तुझा गाल तेवढा सोडून देतील का?

मी तरी काय कमी केलं? पळायच्या चड्ड्या शिवल्या त्या बिनखिशाच्या. पुडी ठेवायला जागाच नको. फार हुशारी केली असं वाटलं होतं मला. तू माझ्या दुकानात येऊन खुर्चीवर बसलास आणि हसून हसून बेजार झालास. "पुड्या मोज्यात जाऊन राह्यल्या, बाई. आता पोट्टे लंगडतेत." मला इतका राग आला की कात्री मी मशीनवर आपटली. तेव्हा तू हसू आवरून जे बोललास ते मी विसरलेली नाही.

"तू वरडते, म्हून पोट्टे तुले पाहून लपवतेत. लपवनारं पोट्टं सापडत नाई, बाई. आन तुले का वाटते, त्याले चव लागते म्हून खाते? पयल्यांदा खाल्ला तं चक्कर येते, उलटी होते. पन तोंड भरलं असलं का कोनी काई इचारत नाई. भरतीचं काय झालं, नोकरीचं काय, लगनाचं काय. तोंडात खर्रा असला तं नुसतं 'हूं' केलं का झालं. पोट्ट्याले ते 'हूं' पायजे असते."

मी विचारलं, "आन तुले?"

तू खिशातून पन्नी काढलीस, चिमूट गालात ठेवलीस आणि म्हणालास, "हूं."

त्या 'हूं'चं मी काय करू, नंदू? तू स्वतः भरतीत मागे राहिलास तेव्हा मी सासरी होते. माय सांगायची की तू दिवसभर ठेल्यामागच्या बाकावर बसायचास, कारण घरी यायचं तर वाटेत सगळं गाव विचारतं. ते वय निघून गेलं, शेत हातात आलं, वनिता आली, धान उभं राहिलं, पोरांना तू आपलं मैदान दिलंस. त्या बाकावरून तू उठलास, पण बाकावरची सवय तुझ्याबरोबर उठली. मला त्या दिवशी पुढे विचारायचं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं, ब्लाउजचं माप द्यायला. तू निघून गेलास. त्यानंतर भांडायला बसलो तेव्हा तुझ्या गालात खर्रा असायचा, आणि शेवटी बसलो तेव्हा गालच नव्हता.

आता चेतनचं सांगते. माझा चेतन, तुझा लाडका भाचा. तो भरतीत थोडक्यात राहिला तेव्हा त्याच्यापेक्षा जास्त मी रडले, हे तुला माहीत आहे. तुझ्यासारखंच त्यानंही चार लोकांत यायचं सोडलं. मी दार वाजवायचे, तो आतून म्हणायचा, डोकं दुखतं. तू आलास, दाराबाहेर उभा राहून फक्त म्हणालास, "चाल, पोट्टे वाट पाहून राह्यले, त्यायले स्टार्ट कोन देईन?" आणि तो निघाला. त्या दिवसापासून स्टार्ट तोच देतो. तुझ्या ऑपरेशननंतरही त्यानं एक दिवस मैदान चुकवलं नाही. माझं पोरगं तू मला परत आणून दिलंस असं मी सगळ्यांना सांगत होते. तसं मी आजही सांगेन.

नागपूरहून तू अर्ध्या चेहऱ्याला पट्टी बांधून घरी आलास. बोलणं बंद, नळीतून पेज. चेतन भेटायला आला की तू उजवा हात उचलायचास आणि तीन बोटं उभी धरायचास. तो हसून मान फिरवायचा. तू पुन्हा बोटं उभी करायचास, तो म्हणायचा, "हो मामा, करतो." मला वाटायचं मैदानाचं काहीतरी आहे, तिसरी फेरी वगैरे. तुम्हा दोघांचं असं काहीबाही चालायचंच. मी पेज गाळत उभी असायचे आणि मला बरं वाटायचं की बोलता येत नसलं तरी तुमचं काहीतरी सुरू आहे.

मग तुला पुन्हा नागपूरला नेलं, आणि तू गेलास.

तेरवीच्या आदल्या दिवशी ताटावरून जुंपली. काका म्हणाले, "मानसं दुरून येतीन. ताट नाई ठेवलं तं लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, "म्हनतीन का नंदूच्या बहिनीचं डोकं फिरलं. म्हनू द्या." काका वनिताकडे पाहायला लागले. ती इतक्या दिवसांत कुणाशी धड शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "त्याईच्या पानावर त्याईच्या आवडीचं ठेवते ना? त्याईले गुपचुप आवडे." तिच्या मनात पानावर दोन पुऱ्या ठेवायच्या होत्या. मी म्हटलं, पानावर कशाला, मांडवात ठेवू, खर्र्याच्या ताटाच्या जागी. तेरवीला गुपचुप! काका डोक्याला हात लावून उठून गेले. खरं सांगते, माझ्या मनात दोन्ही होतं. तुझी आवडही होती, आणि तुझी ती सगळी पोरं माझ्यासमोर एकेक पुरी तोंडात घालताना मला पाहायची होती. ओरडून काही सापडत नाही म्हणालास ना? म्हटलं, खाऊ घालून पाहू.

पोरं आली. आधी लाजली, मग एकानं सुरुवात केली आणि मग रांग लागली. तुझ्या हार घातलेल्या फोटोसमोर ती तिखटानं नाक ओढत उभी होती आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं. मी एकेकाचं तोंड पाहत होते. दोघंतिघं थोडी अडली, पण पुरी गेली. बरं वाटलं. मग चेतन आला. पुरी घेतली, माझ्याकडे पाठ केली, आणि मला त्याच्या कोपरावरून पाणी वाहताना दिसलं.

जे पाणी बाजारात तुझ्या कोपरावरून वाहिलं होतं आणि ज्याला मी हसले होते तेच पाणी होतं ते. डॉक्टरांनी सांगितलेली तीच तीन बोटं तू दाखवत होतास, हे मला त्या क्षणी कळलं. तू त्याला रोज म्हणत होतास, घालून दाखव. आणि तो रोज म्हणत होता, करतो.

ओरडणं घशापर्यंत आलं होतं, नंदू. मांडव भरलेला होता, माझ्या हातात बुंदीचं पातेलं होतं, आणि ते पातेलं मी त्याच्या डोक्यात घालायलाही कमी केलं नसतं. मी ते वनिताच्या हातात दिलं. पंगती उठल्या, भांडी निघाली, मग मी विहिरीजवळ त्याच्या बाजूला जाऊन बसले. विचारलं नाही. माझी तीन बोटं उभी धरून माझ्याच तोंडात घातली आणि त्याच्याकडे पाहिलं. किती विद्रूप दिसले असेन! तो हसला, आणि हसता हसता रडायला लागला.

"दोनच जाते, आई."

"मामाले माहीत होतं?"

"मामानंच पाह्यलं. म्हने, मी नाई सांगनार बाईले, तू सांग. मी म्हनलं भरती होऊन जाऊ दे, मंग सांगतो. भरती नाई झाली. मंग मामाच बिमार पडला. मंग कोन्या तोंडानं सांगू?"

तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. हे असंच राहू देणार आहे. तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस. त्याचा शब्द राखलास, त्याचा विश्वास राखलास, सगळं मान्य. पण मी त्याची आई आहे, आणि तुझ्या गालाचं काय झालं ते तू रोज आरशात पाहत होतास. एकदा, एकदाच तू माझ्याकडे वळून ती तीन बोटं उभी केली असतीस तर? कदाचित केलीही असतील आणि मी पेज गाळत असेन. मला माहीत नाही. ते विचारायला तू नाहीस, आणि याचा राग सगळ्यात जास्त आहे.

पण हेही लिहिते, कारण तेवढंच खरं आहे. तू नसतास तर तो विहिरीजवळ ते वाक्य बोलला नसता. मी ओरडले असते, तो उठून गेला असता, आणि पुढची पुरी माझ्या नजरेआड फोडली असती. गप्प कसं बसायचं हे मला तुझ्याकडून शिकावं लागलं. उशिरा शिकले, पण शिकले.

दुसऱ्याच दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि त्याला चंद्रपूरला घेऊन गेले. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. मी त्याच्या बनियनची उसवलेली शिवण पाहत राहिले. डॉक्टरबाई तरुण होत्या, रागावल्या नाहीत. तोंड आवळलेलं आहे, म्हणाल्या, पण आत्ता सोडलं तर पुढचं थांबवता येतं, आणि व्यायामानं, औषधानं थोडं उघडेलही. आत एक पांढरा डाग आहे. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवलाय. उत्तर यायचं आहे. मी हे लिहिते आहे तोपर्यंत तरी आलेलं नाही.

ते येईपर्यंत मी हातावर हात ठेवून बसलेली नाही, नंदू. मैदानावर जायला लागले आहे. तुझी मोटारसायकल मला झेपत नाही, वनिता चालवते, तुला खोटं वाटेल. पळायच्या आधी सगळे गोल उभे राहतात आणि तीन बोटं तोंडात घालतात. मी पण घालते, वनिता पण घालते. कुणाला काही विचारायचं नाही, कुणाची नोंद करायची नाही. सगळ्यांचीच तोंडं सारखी विचित्र दिसतात, त्यामुळे कुणी कुणाला लाजत नाही. ज्याची बोटं जात नाहीत तो पळणं झाल्यावर चेतनकडे जातो. माझ्याकडे येत नाही, मी अजून ओरडणारी बाई आहे. पण चेतनकडे दोघं आले, आणि त्यांना घेऊन तो डॉक्टरबाईंकडे जाणार आहे. आणि कुणी भरतीत राहिलं तर त्याला गावात काय झालं म्हणून विचारायचं नाही, दुसऱ्या दिवशी स्टार्ट त्यानंच द्यायचा, असं मी आणि वनितानं ठरवलं आहे. कल्पना तुझीच आहे, फक्त गालात काही न ठेवता.

काका परवा मैदानावर येऊन उभे राहिले. लांबूनच. खिशात हात गेला, पन्नी थोडी वाजली, पोरांनी वळून पाहिलं, आणि हात तसाच बाहेर आला. काकांची सवय सुटायला वेळ लागेल, आणि पुढच्या मयतीला मला पुन्हा भांडावं लागेल. भांडेन. लग्नातही भांडेन. शिलाईचं काम गेलं तरी चालेल.

काल बाजार होता. चेतन म्हणाला, "आई, चाल, गुपचुप खाऊ." तुझ्याच गाडीवर गेलो. वाढप्यानं तुझं विचारलं, मग आठवून जीभ चावली. चेतननं पुरी घेतली. मी दुसरीकडे पाहायला लागले, म्हटलं त्याला संकोच नको. त्यानं माझ्या दंडाला हात लावला. "इकडं पाय, आई." मग माझ्यासमोर उभं राहून, पाठ न फिरवता, त्यानं ती पुरी फोडली. अर्धी खाल्ली. पाणी कोपरावरून वाहिलं ते मी माझ्या पदरानं पुसलं. मग त्यानं उरलेली अर्धी खाल्ली.

रिपोर्ट काय यायचा तो येवो. लपवणारं पोट्टं सापडत नाही म्हणायचास ना? माझं सापडलं, नंदू. आता मी त्याला सोडत नाही.